स्वस्त मीटर कोठे चालतो?

इस्त्री, पंखे, मिक्सर यांची दुरुस्ती शिकून चार पैसे मिळवावेत असे तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. मग पहिला प्रश्न हत्यारांचा. धंद्याचे काम म्हणजे महागडाच मीटर हवा, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. निदान सरसकट पटत नाही.

१००० वॅटची इस्त्री घ्या. २३० व्होल्ट दाबाला तिच्या एलिमेंटचा रोध २३० × २३० ÷ १०००, म्हणजे सुमारे ५३ ओहम येतो. स्वस्त मल्टिमीटरने तो ५२ दाखविला काय किंवा ५४ दाखविला काय, निदान बदलत नाही. एलिमेंट तुटले असेल तर कोणताही मीटर ते सांगेल. येथे अचूकतेसाठी जादा पैसे मोजणे ही निव्वळ चैन होय.

गीझरची गोष्ट मात्र निराळी. एलिमेंटच्या नळीला चीर पडून आतल्या भुकटीत ओलावा शिरला, की वीज पाण्यात व टाकीत झिरपू लागते. अर्थिंग धड नसेल तर नळाला हात लावणाऱ्यास झटका बसतो. हा दोष मल्टिमीटरला पुष्कळदा दिसतच नाही. रोध मोजताना तो आपल्या बॅटरीचे जेमतेम काही व्होल्ट लावतो. उलट घरातल्या २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जाते. थोड्या दाबाला तग धरणारे आवरण मोठ्या दाबाला दगा देते. त्यासाठी ५०० व्होल्ट लावणारा मेगरच हवा. तो जवळ नसेल तर गिऱ्हाइकाला "गीझर सुरक्षित आहे" असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका मीटरच्या पोटात असतो. पुष्कळ स्वस्त मीटरांत १० अँपिअरच्या भोकाला फ्यूज नसतो. तसे त्यावर छापलेलेही असते, पण वाचतो कोण! त्या मार्गाचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. वायर चुकून त्याच भोकात राहिली आणि टोके सॉकेटमध्ये घातली, तर ते सरळ शॉर्ट सर्किटच. प्रवाह शेकडो अँपिअरवर जाऊ शकतो, आणि मीटर असतो तुमच्या हातात! चांगल्या मीटरची जादा किंमत बरीचशी आतल्या वाळूभरल्या फ्यूजची आणि जाड आवरणाच्या वायरींची असते. म्हणून स्वस्त मीटर प्लग काढलेल्या उपकरणांपुरताच ठेवावा.

शिक्षकांनी प्रयोगशाळेतील एखादा मीटर, बॅटरी काढून, मुलांसमोर उघडावा आणि त्यात फ्यूज किती व कोठे आहेत हे मुलांनाच शोधू द्यावे.