छपरावर सूर्य, घरात काळोख

वीज गेली म्हणून खेड्यात आता कोणी दचकत नाही. ‘लाइट गेली’ एवढे दोन शब्द उच्चारून माणसे मोबाईलचा दिवा लावतात आणि हातातले काम पुढे चालू ठेवतात. ती केव्हा येईल हे विचारण्याची प्रथाही आता उरलेली नाही. २०१७ साली आरंभिलेल्या ‘सौभाग्य’ योजनेने घरोघर तार पोहोचविली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि घरात मीटर बसणे आणि दिवेलागणीच्या वेळी दिवा लागणे या दोन गोष्टींतील अंतर ग्रामीण महाराष्ट्र नित्य अनुभवतो आहे. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत वाट पाहावयाची; आणि ज्यांचे घर गावठाणात नसून शेतातील वस्तीवर आहे, त्यांना शेतीपंपांच्या वाहिनीवर जी वीज मिळेल तिच्यावर समाधान मानावयाचे, असा हा व्यवहार आहे.

अशा परिस्थितीत सौरऊर्जेकडे आशेने पाहिले जावे यात नवल नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये असे अनुदान तीत ठरले. गावोगावची छपरे निळसर काळ्या पट्ट्यांनी झाकली जाऊ लागली. पण संच बसविणाऱ्या कित्येक कुटुंबांना पहिल्याच भरदुपारी एका चमत्कारिक सत्याचा साक्षात्कार होतो. आकाशात ऊन रणरणते आहे, छपरावर पॅनेल तापले आहे, आणि लाइनवरची वीज जाताच घरातला पंखाही थांबतो!

यात कोणाची लबाडी नाही. विद्युतवाहिनीला जोडलेला साधा सौरसंच वाहिनी मृत होताच स्वतःही बंद पडतो, आणि तो तसा पडलाच पाहिजे. अन्यथा खांबावर चढलेल्या वायरमनला एखाद्या छपरावरून आलेला प्रवाह प्राणघातक ठरेल. वीज गेली असतानाही घर चालू ठेवावयाचे तर वाहिनीपासून आपोआप अलग होणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा आणि त्याच्याजोडीला बॅटरी हवी. अशी जोड देण्यास योजनेत मज्जाव नाही. परंतु अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीसाठी वेगळे काही नाही. ज्या वस्तूवाचून खेड्यातील अंधार हटत नाही, नेमकी तीच वस्तू हिशेबाबाहेर राहिली आहे.

हे असे का झाले असावे? योजनेची कल्पना करणाऱ्यांसमोर वीजबिलाने बेजार झालेला नागरी ग्राहक होता, असे म्हणावे लागते. शहरात वीज असतेच. ती स्वस्त व्हावी एवढाच प्रश्न. महिन्याला शंभर युनिटेही न जाळणाऱ्या ग्रामीण घराचे दुखणे निराळे आहे. त्याचे बिल मुळात लहान, आणि एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिटे देतो म्हणजे ते जवळजवळ पुसलेही जाते. पण त्या घराला खरी उणीव भासते ती संध्याकाळच्या चार-सहा तासांची. मुलाचा अभ्यास, चुलीपुढचा उजेड, अंगणातून गोठ्यापर्यंतची सापकिरड्यांची वाट हे सगळे त्या तासांत येते. मोठे छप्पर व मोठा वापर असणाऱ्यास ७८ हजार, आणि लहान घरास ३० हजार व अंधार, ही वाटणी न्याय्य म्हणता येत नाही.

वस्तुतः गरज फार मोठी नाही. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची, बाजारात सर्रास मिळणारी बॅटरी अठराशे वॅट-तास साठविते. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरली तरी चार एलईडी दिवे, एक पंखा आणि दोन मोबाईल यांचे सुमारे सहा तास निभतात. आषाढात ढगांमुळे पॅनेल मंदावते आणि नेमके तेव्हाच झाडे तारांवर कोसळतात, हा आक्षेप खरा आहे; परंतु हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरी वाहिनीवरूनही भरून घेऊ शकतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, आणि मोबाईल मुके झाल्यामुळे मुंबईतल्या लेकाला आईबापांची खुशाली कळेना. त्या दिवसांत एखादी भरलेली बॅटरी घरात असणे म्हणजे काय, हे कोकणाला समजावून सांगावे लागणार नाही.

बॅटरीची तरफदारी करताना तिचा दोषही सांगितला पाहिजे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते. शिसे-आम्लाची बॅटरी निगा राखली तर पाच वर्षे, डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे विसरले तर त्याच्या निम्मीही नव्हेत. लिथियमची अधिक टिकते, पण प्रारंभीची किंमत जड जाते. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाने या दोषाची किंमत मोजली आहे. २०१४ साली तेथे एका पर्यावरणवादी संस्थेने शंभर किलोवॅटचे सौरकेंद्र मोठ्या समारंभाने उभारले. गावकऱ्यांनी तेव्हाच ‘खरी वीज’ मागितली होती. लवकरच वाहिनीची वीज तेथे पोहोचली, काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, त्या बदलण्याचा पैसा कोणाकडेच नव्हता, आणि केंद्र ओस पडले. उलट शेजारच्या छत्तीसगडने आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह संच बसविताना देखभालीची जबाबदारी ‘क्रेडा’ या शासकीय संस्थेवर सोपविली, आणि तेथे रात्रीची बाळंतपणे व लसींचे शीतकपाट यांना आधार मिळाला. यंत्र दोन्हीकडे एकाच जातीचे होते.

बॅटरी दिली की वीजकंपनी आणखीच सुस्तावेल, असेही म्हटले जाईल, आणि ही भीती अनाठायी नाही. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी शेतीसारखे अपवाद वगळता चोवीस तास पुरवठा हे कंपनीचे कर्तव्य ठरविले आहे. बॅटरीने ते माफ होता कामा नये. किंबहुना वाहिनी किती तास बंद राहिली याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर दरमहा लागावी, आणि ज्या वाहिन्यांवर हे तास सर्वांत अधिक, तेथील लहान घरांना बॅटरीचे अनुदान आधी मिळावे. त्यातील काही रक्कम पहिल्या दिवशी न देता पाच वर्षांनंतरच्या दुसऱ्या बॅटरीसाठी राखून ठेवावी. मग बॅटरीत पाणी घालावयास येणारा माणूस तालुक्याच्या गावी कोणत्या क्रमांकावर सापडेल, हेही त्याच फलकावर लिहिता येईल.