'दऱ्या'चा 'दर्या' झाला तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या इंदुरातील एका जुन्या मराठी ग्रंथालयात घाटांतील दऱ्याखोऱ्यांविषयीचे एक पुस्तक मी मागितले. सूची आता संगणकात आहे. तेथील मुलीने शब्द घातला; यंत्र म्हणाले, असे पुस्तक नाही. पुस्तक तिच्या पाठीमागच्या कपाटात होते आणि मला ते बसल्या जागेवरून दिसत होते!

याचे कारण शोधू लागलो तेव्हा कळले की यंत्राला अक्षर दिसत नाही, क्रमांक दिसतो. १९९१ पासून जगातील लिप्यांसाठी युनिकोड नावाची जी क्रमांकपद्धती चालू आहे, तीत आपल्या 'र'चा क्रमांक २३५२. पाय मोडून पुढे 'य' जोडला की रफार होतो, 'कार्य' उमटते. पण मराठीला 'दुसऱ्या'तला आडवा र हवा. हिंदीला त्याची गरज नाही. तो दोन वाटांनी येतो. एक, दाक्षिणात्य भाषांतील र लिहिण्यासाठी ठेवलेल्या २३५३ क्रमांकाच्या अक्षराचा पाय मोडून. दुसरी, साध्या 'र'चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण ठेवून. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच, यंत्राला निराळे. आमच्या सूचीत अर्ध्या नोंदी एका वाटेच्या, अर्ध्या दुसरीच्या. 'ॲ'चेही तेच. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून लोक निभावत होते आणि पुष्कळ अजून निभावतात.

एका स्नेह्यांच्या नातवाने दुरुस्ती अंगावर घेतली. पोरगा हुशार. चार दिवसांनी सांगत आला, "आजोबा, न दिसणारा कचरा होता, सगळा काढून टाकला." त्या कचऱ्यातच ती जोडखूण होती. 'दुसऱ्या'चे सर्वत्र 'दुसर्या' झाले, दऱ्यांचा दर्या झाला. त्याने कार्यक्रम इंग्रजी शब्दांवर तपासला होता, आणि इंग्रजीत हा रोग होतच नाही. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर 'तुमच्या बर्याच' असले जे आपण वाचतो, त्याचे एक कारण हेच.

सुदैवाने जुनी प्रत जपलेली होती. दुसऱ्या खेपेस त्याने आधी जोडखुणेच्या साऱ्या जागी २३५३ घातले, मगच झाडलोट केली. आणि शोधताना विचारलेला शब्दही त्याच साच्यातून जाईल अशी व्यवस्था केली. काम एवढेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा जाहीर झाला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. माझी त्याविरुद्ध तक्रार नाही. पण यात परक्यांनी आपल्यावर अन्याय केला, हे मात्र मला पटत नाही. त्यांनी जागा दिलेली आहे. आपण एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहीत राहिलो आणि यंत्राला त्याची कल्पना देण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

उरला प्रश्न त्या नोंदींचा, ज्या फार पूर्वीच कोणाच्या तरी झाडलोटीत सापडल्या आणि ज्यांची जुनी प्रत नाही. तेथे यंत्राला सांगता येत नाही. 'दुसर्या'चे 'दुसऱ्या' ते आपणहून करील, कारण तसा दुसरा शब्द नाही. पण 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना की स्वयंपाक्यांना? त्यासाठी मराठी कळणारा माणूस हवा, आणि त्या नातवाची शाळा हिंदीची. म्हणून हल्ली संध्याकाळी आम्ही दोघे बसतो. तो नोंद वाचतो, मी पुस्तक काढून पाहतो. परवा 'आचार्यांचा खर्च' अशी एक हस्तलिखित वहीची नोंद निघाली. वही गहाळ आहे. मठाची होती की मुदपाकखान्याची, कोण सांगणार? तिच्यापुढे आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आणि पुढची नोंद घेतली.