शिफारशीची सही

गेल्या पंधरवड्यात एकाच विषयाची दोन पत्रे माझ्याकडे आली. पहिले पुण्यात नोकरी करणाऱ्या एका मुलाचे. त्याचे वडील मूल तालुक्यातल्या गावी असतात. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. घरी आई आहे, शिवाय दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या आहेत. चंद्रपुरात ‘पक्षाघात रुग्णसेवा प्रशिक्षण’ असा तीन दिवसांचा वर्ग निघाला आहे. मावशींना तेथे पाठवावे का, असे तो विचारतो. दुसरे पत्र अशाच एका वर्गाच्या आयोजकांचे. माहितीपत्रकावर ‘तज्ज्ञांची शिफारस’ या मथळ्याखाली माझे नाव आणि सही हवी आहे. सोबत वर्गाचे रंगीत वेळापत्रक आणि उद्घाटनाचे निमंत्रण.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी अशी सही एकदा केली आहे. आयोजक ओळखीचे होते, हेतू चांगला होता. मी वेळापत्रक वरवर पाहिले आणि होकार दिला. वर्ग एका दिवसाचा होता, दुपारी चारला सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली. पुढे काही महिन्यांनी एका घरी मला बोलावणे आले. ते प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या सेविकेने आडव्या झोपलेल्या आजोबांना चमच्याने पेज भरवली होती. झटक्यानंतर त्यांची गिळण्याची क्रिया बिघडलेली होती. अन्न श्वासनलिकेत गेले, न्यूमोनिया झाला आणि आठव्या दिवशी आजोबा गेले. त्या बाईचा दोष मी कधीच मानला नाही. तिला बसवून, मान किंचित पुढे झुकवून, एक-एक घोट देऊन पाहायला कोणी शिकवलेच नव्हते. पडद्यावर चित्र दाखवले होते, एवढेच. त्या प्रमाणपत्रावर खाली डाव्या कोपऱ्यात माझे नाव होते.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत फार मोठा आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेतील डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येतल्या मृत्यूंची नोंद ठेवली. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते, म्हणजे शेकडा १४ हून अधिक. इतर कोणत्याही कारणापेक्षा हा आकडा मोठा होता. मलेरिया आणि कुपोषणाचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात हे निघाले, यावर त्या वेळी अनेकांचा विश्वास बसला नव्हता. मला त्याहून एक दुसरा आकडा अस्वस्थ करतो. या रुग्णांपैकी शेकडा ८७ जणांचा मृत्यू घरीच झाला, आणि निम्म्याला थोडे कमी एवढे रुग्ण पहिल्या महिन्यातच गेले. घर हेच त्यांचे रुग्णालय होते. सून, बायको, मुलगा हेच परिचारक. म्हणून त्यांना कोण आणि काय शिकवते, याची चौकशी औषधाच्या चौकशीइतकीच कसून व्हायला हवी.

प्रशिक्षणाने जीव वाचतात, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतल्या, जेमतेम शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. शेजारच्या तुलनेच्या गावांच्या हिशेबाने नवजात मृत्यू शेकडा ६२ नी घटले होते. तेथे किती प्रमाणपत्रे वाटली हे कोणी मोजले नाही, बाळे किती वाचली हे मोजले. शिकवून झाल्यावर प्रत्येकीच्या कामावर वर्षानुवर्षे देखरेखही ठेवली.

पक्षाघाताच्या बाबतीत मात्र अनुभव इतका सुखाचा नाही, आणि तो आपल्याला ठाऊक असायला हवा. लंडनमधील एका केंद्रात कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन ३०० रुग्णांचा अभ्यास झाला. २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा सर्वांना उत्साह वाटला, कारण सेवा करणाऱ्यांचा ताण आणि खिन्नता कमी झाली होती, खर्चही घटला होता. मग तोच अभ्यासक्रम ब्रिटनमधल्या ३६ केंद्रांत, ९२८ रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांवर पारखला गेला. २०१३ मध्ये निकाल आला, फरक काहीच नाही. आपल्या देशातही १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. लुधियान्याचे डॉ. जयराज पांडियन त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. घरच्या माणसांना व्यायाम आणि हालचाली शिकवून घरी पाठवले; सहा महिन्यांनी पाहिले तर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७ होते.

याचा अर्थ घरच्यांना शिकवू नये असा नाही. शय्याव्रण टाळण्यासाठी कूस बदलणे, लुळ्या हाताला धरून न ओढणे (खांदा निखळतो, आणि ते दुखणे मूळ दुखण्याहून नकोसे असते), रक्तदाबाची गोळी एक दिवसही न चुकवणे, ही कौशल्ये लागतातच. पण कुटुंबाला तीन दिवस शिकवले की भौतिकोपचारतज्ज्ञाची गरज उरत नाही, रुग्ण चालू लागतो, असे जो वर्ग सांगतो तो पुराव्याच्या विरुद्ध बोलतो. ‘रुग्णाला पूर्ववत उभे करा’ अशा मथळ्याच्या माहितीपत्रकाला मी सही देत नाही. ‘सुरक्षितपणे वळवायला, बसवायला, भरवायला शिका’ असे साधे वचन देणाऱ्या वर्गाचा विचार करतो.

त्यानंतर मी पैशाविषयी विचारतो. वर्गाचा खर्च कोण करतो? रुग्णालय, औषध कंपनी, सेवक पुरवणारी ब्युरो यांनी खर्च करण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पत्रकार जीन लेन्झर यांनी दाखवून दिले की, पक्षाघातातील गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची जोरदार शिफारस करणाऱ्या अमेरिकन हार्ट असोसिएशनला त्या औषधाच्या उत्पादकाकडून आधीच्या दशकात एक कोटी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. ते औषध आजही योग्य रुग्णाला, योग्य वेळेत दिले तर उपयोगी आहे आणि मी स्वतः त्यासाठी रुग्ण धाडतो. पण शिफारस आणि देणगी एकाच हातातून आली की खरी शिफारससुद्धा संशयाच्या छायेत जाते. आपल्याकडे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरला औषध, उपकरण वा व्यापारी वस्तूच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही, छायाचित्र देण्यास मनाई केली आहे. त्या यादीत प्रशिक्षणवर्ग नावानिशी नाही. तरीही फी घेऊन चालणाऱ्या वर्गाला मी तोच नियम लावतो. मानधन घेत नाही, उद्घाटनाचे जेवणही नाही. (घरच्यांना हा अतिरेक वाटतो.)

मग अभ्यासक्रम. येथे मी आपल्या भागाचा नकाशा समोर ठेवतो. मोठ्या शहरात तयार झालेला वर्ग सांगतो, साडेचार तासांच्या आत पोहोचा. बरोबरच आहे. मात्र गडचिरोलीहून नागपूर सुमारे १७० किलोमीटर, आणि भामरागडहून गडचिरोली गाठायलाच जवळजवळ तेवढे अंतर. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. गुठळीचे औषध सीटी स्कॅन झाल्याशिवाय देता येत नाही, कारण मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तेच औषध जीव घेईल. म्हणून येथे शिकवायला हवे ते असे: तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले की रुग्ण शेवटचा नीट केव्हा होता ती वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा, स्कॅनचे यंत्र जवळ कोठे आहे आणि रात्री चालते का हे आधीच माहीत असू द्या. तोपर्यंत तोंडाने पाणी, औषध, ॲस्पिरिन काही नाही. गावात लकव्यावर मालिश वा जडीबुटी देणारा असतोच. त्याची टिंगल न करता ‘आधी दवाखाना’ हे कसे पटवायचे, हेही वर्गात यायला हवे. खर्ऱ्याविषयी मौन पाळणारा पक्षाघाताचा वर्ग आपल्या जिल्ह्यांत तरी अपुरा आहे. आणि शिकणारी बाई माडिया किंवा गोंडी बोलत असेल तर तिच्यासाठी इंग्रजी स्लाइड आणि पुस्तकी मराठी दोन्ही सारखीच.

किती तास हाताने काम करायला मिळते, शेवटी परीक्षा होते का, आणि नापास करतात का? शंभरपैकी शंभर पास होत असतील तर ती उपस्थितीची नोंद आहे. नापास झालेल्याला पुन्हा फुकट बसू देतात का, हेही मी विचारतो.

न्यायाची खरी कसोटी ओळखीच्या माणसाजवळ लागते. वर्गमित्राचा वर्ग असो वा एखाद्या लहान गावच्या महिला गटाचा, प्रश्न तेच, त्याच क्रमाने, लेखी. रंगीत माहितीपत्रक छापण्याची ऐपत नसलेल्या गटाला त्यापायी गुण कमी होऊ नयेत, म्हणून मी शक्यतो एक सत्र स्वतः मागे बसून पाहतो. नकार द्यायचा तर कारणे लिहून कळवतो आणि सुधारणा झाल्यावर पुन्हा पाहतो. होकार एका वर्षापुरता. शिकवणारे बदलले तर तो संपला. ओळख असेल तर ती सहीशेजारीच लिहितो. आणि मी साधा एमबीबीएस आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. घरातील सेवेचा भाग मला तपासता येतो, डॉक्टरांसाठीच्या तांत्रिक वर्गावर मत देणे माझे काम नव्हे.

आयोजकांना मी हे प्रश्न पाठवले आहेत. नऊपैकी पाचांची उत्तरे आली, त्यांतली तीन चांगली आहेत. खर्च कोण करतो, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तोवर सही नाही, असे कळवले आहे.

पुण्याच्या मुलाला मी लिहिले की, मावशींना पाठवायचे तर आईलाही पाठवा, कारण रात्री त्याच असतात. जाण्याआधी फोन करून एवढेच विचारा, की भरवणे आणि वळवणे खाटेवर करून दाखवतात का, आणि प्रत्येकीकडून करून घेतात का. नाही म्हणाले तर ते पैसे ठेवून द्या आणि भौतिकोपचारतज्ज्ञाला महिन्यातून दोनदा घरी बोलवा. मावशी आणि आई दोघींनी त्यांच्यासमोर वडिलांना बसते करून दाखवावे. वडिलांना आवडणारी पेज घट्ट करून, बसवूनच द्यावी, आणि नंतर अर्धा तास त्यांना आडवे करू नये.