डब्याचं भाडं लागतं, माणसाचं नाही

गेल्या सत्रात सातवीतल्या एका मुलाचे वडील सलग तिसऱ्या पालकसभेला आले नाहीत. मी वर्गात सगळ्यांसमोर म्हणालो, "अब्बांना सांग, मुलासाठी एक तास निघत नसेल तर शाळेत घातलंच कशाला?" पोरगा मान खाली घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, अब्बा इथंच आहेत. गोदामाच्या लाईनीत. गाडी सोडून येता येत नाही."

संध्याकाळी स्कूटर काढून गेलो. आमची भिवंडी आता पॉवरलूमपेक्षा गोदामांची झाली आहे. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या गावांच्या शेतांत पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या. तुम्ही मोबाईलवर बोट ठेवून मागवता ती वस्तू बहुधा याच भिंतींमागून निघते. त्या भिंतींबाहेर ट्रकची रांग होती आणि रांगेत हे गृहस्थ. आदल्या दिवशी सकाळी अकराला आलेले. मी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. वापीहून इथवर यायला पाच तास, आणि फाटकातून आत शिरायला एकतीस तास होऊन गेलेले. घर अर्ध्या तासावर. दुपारचा डबा बायको रिक्षाने आणून देत होती.

मी माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "सर, तुमची काय चूक? आमचा टाईम कुणाच्या हिशेबातच नाही."

हे वाक्य मी तेव्हापासून चघळतो आहे, कारण ते शब्दशः खरं आहे. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा काढून बघा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. वाचून बरं वाटतं. मग 'कामाचे तास' या शब्दाची व्याख्या बघा. टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा काळ त्यात धरला आहे, पण कोणता? पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तो! एकतीस तासांचं काय, ते तुम्हीच ठरवा. त्यातही हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. आता हा कायदा २०२० च्या नव्या श्रमसंहितेत विरघळला. रांग मात्र आहे तिथेच आहे.

याउलट वस्तूंच्या वेळेला किंमत आहे. रेल्वेची वाघीण ठरलेल्या वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज भरावं लागतं, तेही तासावर. जहाज बंदरात अडकवलं तर डेमरेज. न्हावा शेवाहून नेलेला रिकामा कंटेनर मुदतीत परत केला नाही तर जहाज कंपनी दिवसागणिक डिटेन्शन लावते. म्हणजे लोखंडाचा डबा ताटकळला तर मीटर पडतो. तोच डबा ओढून आणणारा माणूस त्याच रांगेत ताटकळला तर मीटर नाही. बिल्टीवर कधी कधी 'हॉल्टिंग' नावाची ओळ छापलेली असते. मागायला गेलं की ब्रोकर म्हणतो, पार्टी देत नाही. पार्टी म्हणते, ट्रान्सपोर्टरला विचारा. आणि जास्त बोललं तर पुढची फेरी दुसऱ्याला.

"अहो, पण रांगेत ते झोपतातच ना, आरामच असतो," असं आमच्या स्टाफरूममध्ये एकाने ऐकवलं. ही समजूत इतकी पसरली आहे की तिचं उत्तर सावकाश द्यायला हवं.

रांग दर तासा-दोन तासांनी एक गाडी पुढे सरकते. त्या वेळी इंजिन चालू करून पुढे घेतलं नाही तर मागचा घुसतो. टोकन नंबर पुकारला आणि तुम्ही हजर नसलात तर नंबर शेवटी. म्हणून कुणी गाढ झोपत नाही. पूर्वी क्लीनर असायचा, आळीपाळीने डोळा लागायचा. भाड्यात परवडत नाही म्हणून पुष्कळ गाड्यांवरून तो गेला. रात्री डिझेल चोरणारे फिरतात, ताडपत्री कापणारे फिरतात, आणि माल कमी भरला तर शॉर्टेज ड्रायव्हरच्या पगारातून. याला आराम म्हणायचं?

तरी ही माणसं आपली सोय लावतात. पेटीत स्टोव्ह असतो, कांदा-बटाटा असतो. तीन गाड्यांचे मिळून एक डाळ शिजते. मेवातचा ड्रायव्हर, सोलापूरचा ड्रायव्हर आणि बिहारचा ड्रायव्हर एकाच ताटात जेवतात, आणि टीव्हीवर काय चाललंय याचा तिथे पत्ताही नसतो. कुणी ट्रकखाली चटई टाकून लुडो खेळतो, कुणी आरशात बघून दाढी करतो, कुणी व्हिडिओ कॉलवर मुलीचा पाढा ऐकतो. रमजानमध्ये मी याच रस्त्यावर बोनेटजवळ चार खजुरा आणि एक बाटली ठेवून इफ्तार होताना पाहिली आहे. फाटकाच्या आत संडास आहे, पाण्याचा कूलर आहे. वॉचमन म्हणतो, बाहेरच्यांना परवानगी नाही. ज्याच्या गाडीत तुमचा लाखोंचा माल आहे तो बाहेरचा!

आणि ही रांग फाटकाशी संपत नाही. ड्रायव्हरला पैसे फेरीचे. दोन दिवस रांगेत गेले की महिन्याची एक फेरी बुडाली. ती कुठून भरून काढायची? रात्रभर गाडी हाणून. अमेरिकेत माल चढवा-उतरवायला साधारण दोन तास फुकट धरायचे आणि पुढे पैसे लावायचे असा रिवाज आहे, तिथेही वाद भरपूर आहेत. पण तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला. गोदामावरचा सरासरी मुक्काम पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. पंधरा मिनिटांनी. आपल्याकडे पहाटे घाटात ट्रक उलटला की बातमीत येतं, 'चालकाला डुलकी लागली.' ती डुलकी कुठल्या फाटकावर साठली होती, हे कुणी विचारत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हे लोक नव्या न्याय संहितेतल्या हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर आपल्या रांगा लागल्या. आपण चाळीस मिनिटं उभे राहिलो आणि केवढा संताप! सरकारने ते कलम थांबवलं, आपण टाक्या भरल्या आणि विसरलो.

माथाडींचं उदाहरण याच महाराष्ट्रातलं आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची मोजदाद कुणी करत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, १९६९ मध्ये कायदा आला, बोर्ड आलं, हजेरी आली. एकाच धक्क्यावर माल उतरवणाऱ्याच्या मागे कायदा आहे, माल आणणाऱ्याच्या मागे नाही. माथाडींमुळेच गाड्या खोळंबतात अशी तक्रार करणारे मालक मला भेटतात. त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांना दोघंही फुकटात हवे आहेत.

हे मी फक्त दूरच्या शेठजींबद्दल लिहीत नाही. आमच्याच जमातीत गोदामवाले आहेत, पहिल्या सफेत बसणारे आहेत, मजुराच्या हकावरचं बयान ऐकून मान डोलावणारे आहेत. अशाच एका जुन्या दोस्ताला मी जुम्म्यानंतर गाठलं. तो म्हणाला, "सर, माझ्याकडे डॉक चार आणि सकाळी गाड्या येतात चाळीस. शहरात दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा. मी काय करू?"

अडचण खरी आहे. पण मग चाळीस गाड्यांना एकच वेळ का देतोस? आत जागा नसताना माल मागवतोस, म्हणजे ते ट्रक तुझं बिनभाड्याचं गोदाम झाले. दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी ई-वे बिलाची मुदत. ती तुझ्या दारात संपते, वाढवून घ्यायची ट्रान्सपोर्टरने, आणि पकडलं तर गाडीसकट अडकतो ड्रायव्हर.

तो ऐकून घेत होता. मी म्हटलं, बाकी सगळं राहू दे, एवढंच कर. फाटकावर एक वही ठेव. गाडी आली की वेळ लिही, बाहेर पडली की वेळ लिही, आणि ड्रायव्हरला सही-शिक्क्याची चिठ्ठी दे. दहा रुपयांची वही.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, वही ठेवली तर उद्या बिल येईल."