आधी शब्द, मग दणका

गाडीतली "सिस्टीम" म्हणजे डिकीतला मोठा डबा, ही समजूत कुणी रुजवली कोण जाणे. पण ती आता इतकी घट्ट बसली आहे की पहिल्यांदा पैसे घालणारा माणूस दुसरा विचारच करत नाही. माझ्या भाच्याने यंदा एक जुनी वॅगन आर घेतली. वीस हजारांत गाडीतला आवाज सुधारायचाय म्हणाला. दुकानातून लिहून आणलेला कागद त्याने दाखवला. सबवूफर आणि त्याचा ॲम्प्लिफायर बारा हजार, टचस्क्रीनचा प्लेअर पाच हजार, उरलेल्या तीन हजारांत वायरिंग आणि मागच्या ट्रेवर दोन ओव्हल स्पीकर. पुढच्या दारांतले मूळचे स्पीकर तसेच राहणार. मी दोन प्रश्न विचारले तर म्हणतो, "आत्या, तुला यातलं काय कळतंय?"

मंडळी, मला त्यातलं जे कळतं ते इथे लिहिते. घरच्यांनीही वाचावं, कारण या कागदावर वीस हजार घालायला आमचे बंधू तयार झाले आहेत असं कानावर आलंय.

मी शाळेत मराठी शिकवलं. काप, ताप, साप, शाप हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. चारही शब्दांत "आ" तोच, शेवटचा "प" तोच. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. आता गंमत अशी की आवाजाचा जोर असतो स्वरात, आणि "आ"चा तो जोर मुख्यतः हजार-बाराशे हर्ट्झच्या खाली असतो. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनावरून. ही व्यंजनं नाजूक असतात, आणि त्यांची ओळख पटवणारा भाग साधारण दीड-दोन हजार हर्ट्झपासून सात-आठ हजारांपर्यंत पसरलेला असतो. मागच्या बाकावरच्या मुलाने "साप"चा "ताप" लिहिला की समजायचं, त्याच्यापर्यंत स्वर पोचला, व्यंजन वाटेत पडलं.

सबवूफर वाजतो तो शंभर हर्ट्झच्या खाली-वर. त्यात एकही व्यंजन नाही. एवढंच असतं तर चाललं असतं. पण आपल्या कानाची रचना अशी आहे की खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. उलट दिशेने हे तितकंसं होत नाही. म्हणजे पुढचे स्पीकर कमकुवत ठेवून डिकीत दणका बसवला की जे थोडे शब्द ऐकू येत होते तेही जातात. मग माणूस आवाज वाढवतो. त्याबरोबर दणकाही वाढतो, शब्द पुन्हा झाकले जातात. वीस हजार रुपये देऊन गाणं आणखी लांब नेल्यासारखं झालं हे.

ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आईवडिलांना किंवा आजीआजोबांना गीतरामायणाची आठवण विचारावी. १९५५ साली रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांची ती छप्पन्न गाणी वर्षभर लागत होती. लोकांनी ती ऐकली मीडियम वेव्हवर, म्हणजे साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचतच नव्हतं. घरातल्या रेडिओची ताकद दोन-चार वॅटची, आणि खालचा खर्ज त्या छोट्या स्पीकरला झेपत नव्हता. तरी घरोघर डोळ्यांना पदर लागले. का? मधली पट्टी शाबूत होती. माणसाचा आवाज आणि त्यातला शब्द नेमका त्या पट्टीत असतो. बाकीचं असेल तर उत्तम, पण ते त्यानंतरचं.

आता वॅटचा बाजार. प्लेअरच्या खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असं ठसठशीत छापलेलं असतं. दहावीच्या विज्ञानाएवढंच गणित आहे, करून बघू. प्लेअरच्या मागे फ्यूज असतो, तो बहुधा १० किंवा १५ ॲम्पिअरचा. १० धरू. गाडी चालू असताना विजेचा दाब साधारण १४.४ व्होल्ट. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट, हे आत शिरणारे. त्यातले जवळजवळ निम्मे उष्णतेत जातात. उरले सत्तर-बहात्तर, त्याचे चार भाग केले की एका स्पीकरच्या वाट्याला अठरा. १५चा फ्यूज असला तरी सलग पन्नास कुठून येणार? म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्यावा आणि बारीक अक्षरात "आरएमएस" असं लिहिलेला आकडा शोधावा. "चार हजार वॅट"चा ॲम्प्लिफायर विकणाऱ्याला तर सरळ विचारावं, की बाबा रे, चार हजार भागिले १४.४ म्हणजे पावणेतीनशेच्या वर ॲम्पिअर झाले, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर शंभरसुद्धा देत नाही, मग ही वीज शेजारच्या गाडीतून आणणार का?

आणखी एक. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकर निवडताना त्याची सेन्सिटिव्हिटी बघावी. ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर घेतला, की दुप्पट ताकदीचा ॲम्प्लिफायर फुकटात मिळाल्यासारखं होतं. बजेट लहान असलेल्या माणसाला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

दाराचं तर कुणी नावच काढत नाही. स्पीकर पुढे जेवढा आवाज टाकतो तेवढाच मागेही टाकतो, आणि तो मागचा पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. दोघे एकत्र आले की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाडीचं दार हेच त्या स्पीकरचं खोकं. पण आतल्या पत्र्याला मोठाली भोकं आणि बाहेरचा पत्रा पातळ. बोटाने टकटक करून बघा, रिकाम्या डब्यासारखा वाजतो. त्या पत्र्याला डॅम्पिंगची शीट लावली, आतली भोकं बंद केली आणि स्पीकरखाली भक्कम रिंग दिली, की तोच स्पीकर वेगळा वाटावा इतका फरक पडतो. "बेस नाही, बेस नाही" म्हणणाऱ्यांचा अर्धा बेस दारातच हरवलेला असतो. तबल्याचा डग्गा नीट बसवलेल्या साडेसहा इंची स्पीकरमधून चांगला घुमतो, त्याला डिकी लागत नाही.

आणि मागचे ओव्हल स्पीकर कशासाठी? मैफिलीत आपण गवयाकडे पाठ करून बसतो का?

विरुद्ध बाजूचं म्हणणंही ऐकून घेते. भाचा म्हणतो, "चालत्या गाडीत टायरची घरघर खालच्याच पट्टीतली असते, ती बेस खाते. म्हणून जास्त बेस लागतो." हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण म्हणूनच आधी दार बंदिस्त करायचं आणि मग कमी पडलं तर सबवूफर. त्याचं दुसरं म्हणणं, "आजची गाणीच बेसवर उभी आहेत." असतील. पण ढोलताशा पथकातले ताशे काढून नुसते ढोल ठेवून बघा. ठेका कुठे पडतो तेच कळेनासं होईल. ढोलालासुद्धा धार येते ती ताशाच्या कडकडाटाने, आणि तो कडकडाट वरच्या पट्टीतला.

तर वीस हजारांची माझी वाटणी अशी. आठ हजारांपर्यंत पुढच्या दारांसाठी चांगले कंपोनंट स्पीकर, म्हणजे ज्यांचा ट्वीटर वेगळा वर बसवता येतो ते. चार हजार डॅम्पिंग, रिंग आणि मजुरी. मूळची वायर कापू द्यायची नाही, जोडायला कपलर मिळतो. प्लेअरला यूएसबी किंवा ब्लूटूथ असेल तर तोच ठेवायचा. उरलेले आठ हजार खिशात राहू द्यायचे आणि दोन-तीन महिने नुसतं ऐकायचं. मग कमी वाटलं तर छोटा चार चॅनलचा ॲम्प्लिफायर. त्याचे दोन चॅनल पुढच्या स्पीकरना, उरलेले दोन जोडून पुढेमागे सबवूफरला. त्या वेळी तार शुद्ध तांब्याची घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून तो असतो. त्यात काटकसर करणाऱ्याच्या गाडीत मी बसणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, ही कामगारांसाठी सर्वसाधारणपणे धरलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, १००ला जेमतेम पंधरा मिनिटं. बंद काचांच्या गाडीत १०० गाठणं मुळीच अवघड नाही. आणि मोठ्या आवाजाने कान बिघडतो तो सहसा वरच्या पट्टीपासून, म्हणजे व्यंजनांच्याच बाजूने. माझ्या वयाच्या मंडळींना विचारा. "आवाज येतो हो, पण काय म्हणतात ते कळत नाही," हे वाक्य आमच्या कट्ट्यावर रोजचं आहे. आमचं वयाने झालं. पंचविशीतल्या मुलाने ते पैसे देऊन का विकत घ्यावं? उद्या त्याच्या मुलाचे बोबडे बोल ऐकताना त्याला "काय?" असं दोनदा विचारावं लागलं तर कुठला सबवूफर भरून देणार आहे?

शेजाऱ्यांचंही बघा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खालच्या पट्टीचा आवाज काचा आणि भिंती पार करतो. म्हणजे गाणं गाडीतल्याला कळत नाही आणि दणका मात्र गल्लीभर सगळ्यांना वाटला जातो. परीक्षेच्या दिवसांत तर मला फार राग येतो.

दुकानात जाताना स्वतःच्या ओळखीची दोन-तीन गाणी आणि एखादं कीर्तन किंवा कथाकथन पेनड्राइव्हवर घेऊन जावं. इंजिन चालू ठेवायला सांगावं, आवाज बेताचा ठेवावा आणि फक्त एक बघावं, प्रत्येक शब्द न ताणता कळतो का. कळत असेल तर पैसे द्यावेत. दुकानदार "बेस तर ऐका" म्हणाला, तर तो नंतर ऐकू म्हणावं.