२३ किलो

फॉरेन टूर! नुसता शब्द उच्चारला तरी कसं भारी वाटतं ना? तुमच्यातल्या निम्म्यांना आता त्याचं काही वाटत नसेल म्हणा. हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगमधून उठून 'ऑनसाइट' जायचं, एअरपोर्टवरच्या कॉफीचा फोटो टाकायचा आणि परत आल्यावर आठवडाभर 'जेट लॅग यार' करत फिरायचं, हे तुमचं रुटीन. पण मी पडले फ्रीलान्सर. त्यात मुक्काम पोस्ट रत्नागिरी. मासकॉमची डिग्री घेऊन मुंबईत चार वर्षं काढली, मग घरभाडं आणि मानधन यांचं गणित काही जमेना म्हणून गुपचूप घरी परतले. सध्या इकडेतिकडे लिहिते आणि आठवड्यातले तीन दिवस एका आंबा एक्स्पोर्ट करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात बसते. पल्पच्या डब्यावरचा मजकूर, ब्रोशर, परदेशी गिऱ्हाइकांच्या मेल्स, सगळं माझ्याकडे. त्यामुळे फेब्रुवारीत साहेब म्हणाले, "दुबईला प्रदर्शन आहे, पाच दिवस स्टॉलवर उभं राहून इंग्रजी बोलेल असं कुणीतरी हवं," तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

व्हिसाच्या कागदपत्रांत माझ्या नावापुढे लागलं 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'. आयुष्यात पहिल्यांदा एक्झिक्युटिव्ह झाले! हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "किती किलो अलाउड?"

"तेवीस."

"बॅग आण इकडे."

माझे बाबा २२ वर्षं शारजात होते. १९९४ ते २०१६. एअर कंडिशनिंगच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे स्टोअरकीपर. दोन वर्षांनी एकदा दोन महिने सुट्टी. म्हणजे मी शाळेत असताना बाबा हा प्रकार आमच्याकडे साधारण ऑलिंपिकच्या दुप्पट वेगाने यायचा. यायचा तो नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेल्या खोक्यांसकट, खोक्याच्या चारी बाजूंना मार्करने नाव आणि 'रत्नागिरी' लिहिलेलं. आत टँग, निडोची पावडर, टायगर बाम, यार्डलीचा डबा आणि एकदा तर वाघाचं चित्र असलेलं ते सुप्रसिद्ध जाडजूड ब्लँकेट. रत्नागिरीच्या उकाड्यात! ते आम्ही कधीच वापरलं नाही. अजून कपाटात आहे.

तर बाबांनी माझी बॅग रिकामी केली. सगळी. मग माळ्यावरून हुकाचा एक स्प्रिंगवाला काटा काढला. तो त्यांनी जपून ठेवलाय हेच मला माहीत नव्हतं. जीन्स गुंडाळून कडेला, बुटांच्या पोकळीत मोजे, ब्रोशरचे गठ्ठे बरोब्बर चाकांच्या वर, पल्पचे डबे टॉवेलात गुंडाळून मधोमध. माझ्या दीड तासाच्या पॅकिंगपेक्षा दुप्पट सामान निम्म्या जागेत बसलं. मग बॅग हुकाला अडकवून त्यांनी दोन हातांनी उचलली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि म्हणाले, "साडेबावीस. अर्धा किलो सोडायचाच. एअरपोर्टवरचा काटा आपल्या बापाचा नसतो."

आता माझा बाप असं बोलल्यावर मी काय म्हणणार?

तसं कोकणाला आखात काही नवं नाही. बाबांचे मामा बोटीने गेलेले. मुंबईहून कराची, मस्कत करत आखातात जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी, त्यातली शेवटची 'द्वारका' १९८२ मध्ये बंद झाली. त्यांच्यातलीच 'दारा' ८ एप्रिल १९६१ला दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३० हून जास्त माणसं गेली. आमचे मामाआजोबा त्यानंतरही गेले, तशाच बोटीने. तेव्हा तिकडे पगार चक्क रुपयांत मिळायचा, आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या होत्या. १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तो मामला आटोपला. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, बॅगेची चेन लावता लावता बाबांकडून कळलं. नंतर मी शोधून पाहिलं, सगळं खरं निघालं. बावीस वर्षांत या माणसाने मला एवढं सलग कधी काही सांगितलं नव्हतं.

निघताना म्हणाले, "शारजाला जाऊ नको. ट्रॅफिक असतो. ठेवलंय काय तिथं?"

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. रात्री कोकणकन्या पकडली. रत्नागिरी ते मुंबई सात-आठ तास आणि मुंबई ते दुबई तीन तास, यातच काय ते समजा. बाबा गेले तेव्हा तर कोकण रेल्वेही नव्हती, रातराणीने कशेडी घाट उतरत जायचं आणि उलट्या करत मुंबई गाठायची. त्यांच्यासारख्या कमी शिकलेल्यांना आखातात नोकरीसाठी जाताना १९८३च्या कायद्याप्रमाणे आधी सरकारी मंजुरी लागायची, तिच्यासाठी वेगळ्या खेपा. माझ्या पासपोर्टवर तसलं काही नाही. इमिग्रेशनच्या माणसाने माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही.

प्रदर्शन झक्कास! वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या त्या हॉलांतून चालून चालून पायांचे तुकडे पडले. जगातलं काय काय चाखलं ते विचारू नका. आमच्या स्टॉलवर लोक यायचे, पल्प चमच्याने चाखायचे आणि विचारायचे, हा हापूसच कशावरून? मग मी सुरू. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. अमेरिकेने १८ वर्षांनी, २००७ला, दार उघडलं तेही लासलगावला विकिरण करून घेतलेल्या आंब्याला. युरोपने २०१४ मध्ये फळमाशीपायी बंदी घातली आणि २०१५ मध्ये उठवली. तिसऱ्या दिवसापर्यंत ही टेप मला झोपेतही वाजवता येत होती. दुबईला मात्र आंब्याचं असलं काही नाटक नाही. कोकणाचा माणूस आणि कोकणाचा आंबा, दोन्ही इथे आधीपासून येतच होते.

रोज रात्री घरी फोन. आई उचलायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आता तिथं साडेआठ झाले ना?" मला दर वेळी मनात दीड तास वजा करावा लागायचा. तिला नाही. तिने ते गणित बावीस वर्षं केलंय.

आणि मग शुक्रवार उजाडला. आमच्या घरी शुक्रवार म्हणजे बाबांच्या फोनचा वार. तिकडे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे दुपारी चारला शेजारच्या काकूंकडे फोन वाजायचा. पुढे आमच्याकडे स्वतःचा फोन आला तरी वार तोच राहिला. माझी स्कॉलरशिप, माझे टॉन्सिल्स, दहावीचे मार्क, सगळं शुक्रवारची वाट बघायचं. मध्ये काही घडलं तर आई म्हणायची, "शुक्रवारी सांगू." खरं सांगू? मला त्या वाराचा राग यायचा. मैत्रिणीचे बाबा रोज संध्याकाळी सहाला घरी यायचे आणि आमचे शुक्रवारी चार ते चार वाजून सात मिनिटं. फोन कार्ड संपलं की वाक्य अर्धं तुटायचं.

आता २०२२ पासून तिकडे सरकारी सुट्टी शनिवार-रविवार झालीय. शारजाने शुक्रवारही सोडला नाही, त्यांची तीन दिवस. स्टॉल आवरला, सहकाऱ्यांना म्हटलं मॉलमध्ये जाते, आणि युनियन स्टेशनजवळून शारजाची बस धरली. ट्रॅफिकबद्दल बाबा शंभर टक्के बरोबर होते.

मला फक्त एक शब्द माहीत होता, रोला. "रोलाला राहतो" असं ते म्हणायचे. कुठली बिल्डिंग, कितवा मजला, आम्ही कधी विचारलंच नाही. लहानपणी मी डोळ्यांसमोर एक फ्लॅट आणला होता. पंधराव्या मजल्यावर, एसी, काचेची खिडकी, सोफ्यावर बसलेले बाबा. शाळेत तसं रंगवून सांगितलंही होतं.

रोलाला उतरले तर सगळीकडे पुरुषच पुरुष! कट्ट्यांवर, हिरवळीवर, दुकानांच्या पायऱ्यांवर. आठवड्याची अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मल्याळी, बंगाली, पंजाबी, पश्तू, सगळ्या भाषांत कानाला फोन. मी उगाच चालत राहिले. आणि विजेच्या एका खांबावर चिकटवलेला कागद दिसला. इंग्रजीत लिहिलं होतं, 'एक्झिक्युटिव्ह बॅचलरसाठी बेड स्पेस', खाली फोन नंबर. पुढच्या खांबावर तसाच. बसस्टॉपवर तसेच चार. बेड स्पेस म्हणजे खोली नाही हो, खोलीतली एक खाट. दुमजली खाट असेल तर तिचा एक मजला.

आधी हसूच आलं. एक्झिक्युटिव्ह तर मी आहे, व्हिसावर लिहिलंय! मग बॅचलर कोण? तर बायकोपोरं गावाला ठेवून एकटा राहतो तो बॅचलर. कोकणात लग्नाची बायको, शाळेत जाणारी मुलगी, चिऱ्याचं घर अर्धं बांधून झालेलं, आणि इथे खांबावर नाव काय, तर बॅचलर.

फोटो काढला. एका सुपरमार्केटमध्ये शिरून टँगचा डबा घेतला. तो आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. तरी घेतला.

परत आल्यावर दोन दिवस फोटो कुणाला दाखवला नाही. तिसऱ्या संध्याकाळी बाबा आणि मी थिबा पॉइंटवर फिरायला गेलो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याला खाडीकडे बघणारा राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. आपण तिथे भेळ खायला जातो. बाकड्यावर टेकलो आणि मी एकदम विचारूनच टाकलं.

"बाबा, तुम्ही बेड स्पेसमध्ये राहायचात?"

ते बराच वेळ भाट्याच्या खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेलीसच ना गो तू?"

"हो."

"आधी वरचा बेड होता. एसीच्या अगदी तोंडासमोर. खालचा सात वर्षांनी मिळाला, चिपळूणचा एकजण कायमचा परत गेला तेव्हा." थांबून म्हणाले, "खालच्याला फायदा काय, बॅग ठेवायला जागा असते खाली."

"किती जण होता?"

"आठ. कधी नऊ. एक जण नाइट ड्यूटीला असायचा, मग त्याचा बेड दुसऱ्याला." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "चांगली होती गो माणसं. डाळ मी करायचो."

बाबांना डाळ करता येते? आमच्या घरात त्यांनी कधी गॅससुद्धा पेटवलेला नाही!

अंधार पडायला लागला. आम्ही उठलो. गेटपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "एअरपोर्टवर वजन किती भरलं होतं?"

"बावीस सहाशे."

"तो तिथला काटा जास्तच दाखवतो," बाबा म्हणाले.