हंगामी कारखाना आणि बारमाही क्षय

दसरा-दिवाळी उलटली की हिमायतनगर परिसरातील तांड्या-वाड्यांवरून माणसे बाहेर पडू लागतात. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हे तालुक्याचे गाव, पूर्वीचे वाढोणा, परमेश्वराच्या देवस्थानासाठी ज्ञात आहे. परंतु मराठवाड्याचे अर्थकारण ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने येथे महाशिवरात्रीच्या यात्रेला न येता उचलीच्या दिवसांत यावे. मुकादमाची उचल अंगावर घेतलेला नवरा-बायकोचा कोयता भांडीकुंडी ट्रकमध्ये टाकून दूरच्या उसाच्या फडाकडे निघतो. मागे राहणारा कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामापुरते काम शोधतो. या दोघांपैकी कोणी फडात वा कापसाच्या धुळीत खोकू लागला, तर त्याची छाती तपासणे, त्याला विश्रांती देणे आणि त्या विश्रांतीच्या काळात त्याची चूल पेटती ठेवणे हे कोणाचे कर्तव्य? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे: मालकाचे नव्हे.

1948 सालच्या राज्य कामगार विमा कायद्याने भारतीय कामगाराला जे दिले त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या या योजनेत आज मालक वेतनाच्या 3.25 टक्के व कामगार 0.75 टक्के भरतो. पात्र विमेदार कामगाराला क्षय झाला, तर दीर्घकालीन आजाराच्या तरतुदीखाली वेतनाच्या 80 टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. क्षयाच्या रोग्याला औषधाइतकीच विश्रांती आणि अन्न लागते, हे त्या कायद्याला उमगले होते. मात्र त्याच कायद्याने ‘हंगामी कारखाना’ दाराबाहेर ठेवला. हंगामी म्हणजे कोणता? व्याख्येतच यादी आहे: कापूस पिंजून सरकी वेगळी करणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, साखर आणि गूळ तयार करणे. मराठवाड्याच्या उद्योगांची नावनिशीवार यादी कोणी मागितली असती तर यापेक्षा वेगळी काय दिली असती? नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये सूत कातणारा कामगार या कायद्याच्या कल्पनेत बसू शकत होता. त्याच सुताचा कापूस जिनिंगमध्ये उपसणारी बाई मात्र बसत नव्हती. धूळ तीच, छातीही तशीच; फरक फक्त कॅलेंडरचा.

ही चूक जुन्या काळाची म्हणून सोडून देता आली असती. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखान्याचा अपवाद जसाच्या तसा पुढे चालविला. साखर कारखान्यांना आता आसवन्या आणि वीजनिर्मिती जोडल्या गेल्या आहेत. तेव्हा ते ‘केवळ’ साखर करतात काय, या शब्दाचा कीस वकील मंडळी खुशाल काढोत. तोडणी कामगार त्या वादाच्याही बाहेरच आहे, कारण कागदोपत्री तो कारखान्याचा नोकरच नाही, मुकादमाच्या टोळीतला माणूस आहे. नव्या संहितांचे गुणगान करताना सरकारने आणखी एक आश्वासन दिले: चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी. क्षय मात्र चाळिशीची वाट पाहत नाही. ऐन कमावत्या वयातल्या माणसाला तो गाठतो, आणि कोयत्याला चाळिशीपर्यंत पाठीचा कणा तरी कितीसा शिल्लक राहतो?

औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, मग मालकाला मध्ये का ओढता, असा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर फडात आहे. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि गळिताचा हंगामही जवळपास तेवढाच. नोंद हिमायतनगरला, रोगी पाचटाच्या कोपीत शेकडो मैल दूर. थुंकी तपासायला तालुक्याला जायचे तर दिवसाचा खाडा, आणि खाड्याची रक्कम उचलीवर चढते. फुकट गोळीची खरी किंमत इथे मोजली जाते. 1 नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठीचे सरकारी अनुदान महिन्याला 500 वरून 1000 रुपये झाले, हे चांगलेच झाले. परंतु बुडालेल्या मजुरीपुढे ते किती पुरणार?

दुसरीकडे 2022 पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून उद्योगपतींना रोग्यांसाठी अन्नाची टोपली देण्याचे आवाहन होत आहे. टोपलीला नाक मुरडण्याचे कारण नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की रोग्याच्या कुटुंबीयांना पुरेसे अन्न मिळाले तर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटते. म्हणजे अन्न हीच प्रतिबंधक लस ठरते. मग ज्याच्या फडात तो माणूस राबतो त्याने ही लस मर्जीने का द्यावी? वर्गणी चुकवणाऱ्याने दानशूर म्हणून छायाचित्र काढून घ्यावे, ही व्यवस्था मालकांना सोयीची असेल; रोग्याला टोपली पुढच्या महिन्यात येईल की नाही, याची खात्री नसते. 2025 अखेर क्षय 80 टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात लाख लोकसंख्येमागे नव्या रोग्यांचे प्रमाण 2015 मधील 237 वरून 2024 मध्ये 187 वर आले. घट खरी आहे, पण घोषणेच्या आसपासही नाही.

मात्र तपासणी सक्तीची करा, एवढीच मागणी करणारे हितचिंतकही एक गोष्ट विसरतात. ज्याच्या छातीच्या चित्रात डाग दिसेल त्याला मुकादम ट्रकमध्ये घेईल काय? उचल परत मागेल काय? एचआयव्हीबाधित माणसाला कामावरून काढण्यास 2017 च्या कायद्याने मनाई केली. क्षयरोग्यासाठी तसा कायदा नाही. वेतनाच्या हमीवाचून केलेली तपासणी म्हणजे मालकाच्या हाती दिलेली चाळणी आहे. खोकला लपवणे हेच मग मजुराच्या हिताचे ठरते. कोपीतली लेकरे त्याच हवेत झोपतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी हंगामी कारखान्याचा अपवाद रद्द व्हावा आणि तोडणी कामगाराची वर्गणी मुकादमाकडून नव्हे, कारखान्याकडून वसूल व्हावी. उचलीचा पैसा आणि तोडणीचा दर कारखान्यातूनच येतो. जबाबदारी तेवढी वाटेत मुकादमापाशी थांबते, हा चमत्कार कुठवर मानायचा? त्यानंतर निघण्यापूर्वी गावात आणि हंगामाच्या मध्यावर फडात तपासणी व्हावी, रोग्याच्या कुटुंबाला प्रतिबंधक औषध मिळावे, आणि उपचाराच्या काळात खाडा लावणे गुन्हा ठरावा. जानेवारी 2024 मध्ये साखर संघाशी झालेल्या वाटाघाटीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. ती कामगारांनी कोयते खाली ठेवण्याच्या तयारीने मिळविली होती. पुढच्या कराराच्या मसुद्यात टनाच्या दराखालीच आजारपणाच्या वेतनाचे कलम लिहून घेतल्याखेरीज संघटनांनी सही करू नये.